इचारलास कुठं? दावलास!

माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आम्ही शाहूपुरीत राहतो. गेली कित्येक वर्षं ती बीपीच्या तपासणीला महिन्यातून एकदा एकटी जायची. सकाळी लवकर आवरायचं, पिशवीत फाईल घ्यायची, व्हीनस कॉर्नरपर्यंत चालत जायचं, तिथून रिक्षा. दवाखान्याच्या खिडकीवर नंबराची चिठ्ठी मिळायची. मग बाकावर बसून ओळखीच्या बायकांशी गप्पा आणि येताना भाजी. तिच्या महिन्यातली ही एकच सकाळ अशी होती, जी घरात दुसऱ्या कुणाच्या सोयीनं ठरत नव्हती.

ती सकाळ मी घालवली.

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. स्क्रीनवर काय कुठं असावं, बटण केवढं असावं, हे ठरवणं माझं काम. मागच्या वर्षी आमच्याकडे नंबर लावायच्या ॲपचं काम आलं आणि दवाखाना नेमका आजीचाच निघाला. चार महिने आम्ही राबलो. ॲप सुरू व्हायला आठवडा राहिला तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘सीनियर सिटीझनकडून एकदा तपासून घेऊ या.’ मी म्हटलं, आमच्या घरातच आहे एक.

संध्याकाळी आजीच्या हातात फोन दिला. तिनं चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं, बोट पुढं नेलं आणि मागं घेतलं. दोनदा. मग फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘तू हाईस की, तूच कर.’

मी वहीत लिहिलं : अक्षरं मोठी हवीत. आम्ही अक्षरं मोठी केली आणि काम संपवलं.

महिनाभरात खिडकी बंद झाली. आता नंबर माझ्या फोनवरून लागायचा, म्हणजे मला वेळ असेल तेव्हा. एकदा माझं काम अडलं होतं आणि मी विसरलो. आजीनं आठवण केली नाही. त्या महिन्यात तपासणी चुकली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी वाढलेलं बीपी बघून मलाच झापलं.

घरी येताना रिक्षात मी चिडून म्हणालो, ‘अगं, सांगायचं नाहीस का? आणि ॲप करताना तुला विचारलं होतं ना मी?’

आजी बाहेर बघत म्हणाली, ‘इचारलास कुठं? दावलास!’

तेव्हापासून हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापारानं ती वाढली. माझे आजोबा इथंच एका अडत दुकानात दिवाणजी होते आणि आजीच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. त्यामुळे गुळव्या हा माणूस मला लहानपणापासून तिच्या गोष्टींतून माहीत आहे. काहिलीत रस उकळत असतो. चुलवाणाला जाळ घालणारा वेगळा, मळी काढणारा वेगळा. पण पाक झाला की नाही, हे गुळव्या सांगतो. तो थोडा पाक पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि मग म्हणतो, उतरवा. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. त्याचं वय, त्याची बोटं, त्याची सवय यांवर अख्ख्या काहिलीचं भवितव्य ठरतं.

काहील उतरवून, गूळ साच्यात भरून झाल्यावर गुळव्याला बोलावून ‘कसा झालाय?’ असं कुणी विचारत नाही. आम्ही आजीला नेमकं तेच विचारलं होतं.

म्हाताऱ्यांचा मान आपल्याकडे कमी आहे, असं मला वाटत नाही. आपण पाया पडतो, पहिलं ताट त्यांना वाढतो, बसमध्ये जागा देतो. पण मान देणं आणि मत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान दिल्यानं आपलं काहीच बदलत नाही. मत घेतलं तर बदलावं लागतं. म्हणून विचारलं की नाही, याची माझी कसोटी आता साधी आहे : उत्तर ‘हे नको’ असं आलं असतं, तर आपण थांबलो असतो का? आठवडाभर आधी आजी ‘खिडकी बंद करू नका’ म्हणाली असती, तर मी हसून ‘बरं’ म्हटलं असतं आणि अक्षरं मोठी केली असती.

ही चूक माझ्यासारख्या पोरांचीच नाही, मोठ्या कामांतही ती दिसते. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरबसल्या देता यावा म्हणून नोव्हेंबर २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं. हेतू चांगला आणि फायदाही पुष्कळांना झाला. पण ओळख पटवायची मुख्यतः बोटांच्या ठशांवरून. वय झालं की कातडी सुकते, कष्टाच्या हातांवरच्या रेषा झिजतात. हे कुठल्याही म्हातारीनं पहिल्याच दिवशी हात दाखवून सांगितलं असतं. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली नोव्हेंबर २०२१मध्ये. सात वर्षांनी.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९९०मध्ये ऑक्सो कंपनीनं जाड, मऊ मुठीची सोलणी आणली आणि ती जगभर गाजली. गोष्ट अशी सांगतात की सॅम फार्बर या उद्योजकाच्या बायकोला, बेट्सीला, हाताचा संधिवात होता. तिचे हाल बघून त्याला ही कल्पना सुचली. पण बेट्सी स्वतः आर्किटेक्ट होती आणि ही कल्पना आपली होती, असं तिनं पुढे सांगितलं. तरी गोष्टीत ती राहिली दुखणाऱ्या हातांची बायको म्हणूनच. कीव आली तिच्या वाट्याला, श्रेय गेलं दुसऱ्याकडे. मी वहीत ‘अक्षरं मोठी हवीत’ लिहिलं, तेव्हा आजीचंही मी हेच केलं होतं. तिचे डोळे तेवढे मोजले. तिचं डोकं मोजलंच नाही.

ऑफिसात मी हे बोललो तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘अरे, ही पिढी गेली की प्रश्नच संपणार. आपण म्हातारे होऊ तेव्हा आपल्याला सगळं येत असेल.’ मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा नाही. आपल्याला येत असेल ते आजचं. तेव्हा काहीतरी नवंच असेल, ते करणारी पोरं पंचविशीची असतील, आणि आपलीही बोटं थरथरतील. शिवाय म्हाताऱ्यांना येतच नाही, हेही खरं नाही. मासाको वाकामिया ही जपानी बाई बँकेतून निवृत्त झालेली. २०१७मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तिनं आयफोनसाठी बाहुल्या मांडायचा खेळ स्वतः प्रोग्रॅमिंग शिकून तयार केला. तिच्या वयाच्या लोकांना जमतील असे खेळ तिला सापडत नव्हते.

मग मी आजीला नीट विचारायचं ठरवलं. या वेळी फोन खिशात ठेवला. तिला आणि गल्लीतल्या तिच्या दोन मैत्रिणींना चहाला बसवलं आणि म्हटलं, ‘दवाखान्यात नंबर कसा लागला पाहिजे, ते तुम्ही सांगा.’

दीड तास मी फक्त लिहीत होतो. अक्षरांच्या आकाराबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नाही. आजीचा पहिला प्रश्न होता, ‘चुकीचं दाबलं तर काय हुतंय, ते कुठं लिवलंय?’ त्या दिवशी बोट मागं का गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तिला दिसत होतं सगळं. तिला भीती होती आपल्या हातून दुसऱ्या कुणाचा नंबर जाईल याची. दुसरी म्हणाली, हातात चिठ्ठी नसली तर आपला नंबर आहे हे सांगायचं कशाच्या जोरावर? तिसरी म्हणाली, साधा फोन लावून नंबर सांगता आला तर पोरांची वाट बघायला नको.

हे सगळं मी कंपनीत मांडलं. ‘चुकलं तर परत फिरा’ हे बटण लगेच झालं. चिठ्ठीसाठी दवाखाना तयार झाला : सकाळचे दोन तास खिडकी उघडते. फोनवरच्या नंबराचं अजून अडलंय.

आजी आता पुन्हा एकटी जाते. पण त्या चहाच्या दिवशी कप उचलताना तिनं आणखी एक विचारलं होतं, ‘तुमच्या कंपनीत असं सांगणाऱ्यास्नी पैसं देत्यात?’

देतात. बाहेरून सल्लागार आला की तासावर देतात. आजीचे दीड तास मी घरचे म्हणून फुकट धरले होते. गेल्या आठवड्यात मी तिघींच्या नावानं बिल लावलंय. साहेब हसले, कागद ठेवून घेतला, अजून काही बोलले नाहीत. आजी रोज जेवताना विचारते, ‘आलं काय रं?’

मी सांगतो, अजून नाही.