उद्धवाचा खेळ आणि माझं काचेचं कपाट



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध 3, अध्याय 2, श्लोक 2.

विदुर कृष्णाची खुशाली विचारतो आणि उद्धवाला शब्दच फुटत नाही. तिथे शुकदेव जाता जाता एक आठवण सांगतात : हा उद्धव पाच वर्षांचा असताना कृष्णाची पूजा-पूजा खेळायचा. आई न्याहारीला हाका मारायची, पण हा उठायचाच नाही. समोर बहुधा एखादी बाहुलीच असणार!

मला हा श्लोक फार जवळचा, कारण पस्तिशी ओलांडली तरी मी बाहुल्या जमवते. कोंडापल्लीच्या हलक्या लाकडाच्या, सावंतवाडीच्या, मान डोलावणारी तंजावरची. सगळ्या काचेच्या कपाटात, कुलपात.

याची सुरुवात आजोळी, मेहकरला झाली. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत. कुंभाराकडून आणलेले भुलोजी-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीच. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, गाणी, आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. (मी डबा हलवून ओळखायचे. चीटिंगच ती.) शेवटी मूर्ती पैनगंगेत शिरवायची.

एका वर्षी मी ती शिरवू दिली नाही, रडून घर डोक्यावर घेतलं. आजी म्हणाली, "ठेव मंग. पन तिच्याम्होरं रोज गानं म्हना लागीन." चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवसापासून भुलाबाई फडताळात धूळ खात बसली, आणि तरी ती 'माझी' होती.

हाच उद्धव पुढे अकराव्या स्कंधात, 27 व्या अध्यायात, कृष्णाला पूजेची रीत विचारतो. कृष्ण मूर्तीचे आठ प्रकार सांगतो : दगडाची, लाकडाची, धातूची, माती-चंदनाच्या लेपाची, चित्रातली, वाळूची, मनातली, रत्नाची. वाळूची मूर्ती रत्नाच्या पंगतीला! म्हणजे वस्तूवर जीव लावणं हाच दोष, असं भागवत म्हणत नाही. 'आसक्ती सोडा' हे झटपट उत्तर म्हणूनच मला पटत नाही. कारागिराने जीव ओतून केलेली वस्तू जपायलाच हवी की.

पण तिसऱ्याच स्कंधात, 29 व्या अध्यायात, कपिलमुनी आईला बजावतात : प्राणिमात्रांतल्या मला डावलून नुसती मूर्ती पुजणं हे पूजेचं सोंग आहे. इथे मी अडकते. माझी तर पूजाही नाही, नुसती राखण.

गेल्या दिवाळीत पाच वर्षांची भाची तंजावरच्या बाहुलीकडे बोट दाखवत म्हणाली, "मावशी, दे ना." मी पटकन म्हटलं, "हात नको लावूस, तुटेल." ती रडली नाही. माझा रुमाल घेतला, गाठ मारून डोकं केलं आणि कोपऱ्यात बसून त्याला चिवडा भरवायला लागली. जेवायला तीन हाका मारल्या. तिला ऐकूच गेल्या नाहीत.

त्या दिवशी मला हा श्लोक आठवला नाही. आज वाचताना आठवतोय, आणि लाज वाटतेय.

रविवारी ती पुन्हा येतेय. तंजावरची बाहुली मी खालच्या, बिनकुलपाच्या कप्प्यात आणून ठेवली आहे. कोंडापल्लीच्या खाली काढायला मात्र अजून हात धजत नाही.