उजव्या हाताचा हिशेब



कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. तळोजे, पाताळगंगेचे कारखाने आपल्या शेजारीच. पण हा निधी मागणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे नोंदणी, १२ए व ८०जी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक लागतो. मग वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या चार भगिनींनी काय करावे?

उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू येशू शिकवतो. मग इतकी कागदपत्रे कशाला? पण संत पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला सोबती घेतला. आपले दान गुप्त ठेवावे. दुसऱ्याच्या दानाचा हिशेब मात्र उघड असावा. तो गरिबांचा हक्क आहे.

तरीही नियम संस्थेची पात्रता पाहतो, गरजूंची नव्हे. अर्ज नाकारला म्हणून भूक खोटी ठरत नाही. तेथे आपली जबाबदारी सुरू होते. आपल्यातील जाणकारांनी अशांच्या हिशेबाच्या वह्या लिहून द्याव्यात, आपण सर्वांनी थोडा खर्च उचलावा. विधवेची दोन नाणी प्रभूने मोठी मानली. पहिली तीन वर्षे अशाच नाण्यांवर निघतात.