साधनविवेक

ज्या कामांतील चूक करणाऱ्याबरोबर शेजाऱ्यासही भोंवते, तें काम शिकूं लागणाऱ्यानें पहिलें साधन कोणतें घ्यावें? हा प्रश्न वरकरणी बाजारांतला दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

अमेरिकेंत रायफलीचीं काडतुसें घरीं पुन्हां भरण्याचा छंद पुष्कळांस आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें काडतुसें बनविण्यास परवाना लागतो. म्हणून ही कृति थोडक्यांत सांगतों. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते. पितळेची पुंगळी मात्र शिल्लक राहते, आणि बहुधा तीच सर्वांत महाग असते. ती साच्यांत दाबून पूर्ववत् करावी, जुनी टोपी काढून नवी बसवावी, दारू तोलून घालावी आणि तोंडाशीं गोळी दाबावी, कीं काडतूस सिद्ध झालें. यांत काटकसर हा एक हेतु; आपल्याच रायफलीस अनुरूप असें काडतूस घडविणें हा दुसरा.

नवशिक्यापुढें दोन जातींचीं दाबयंत्रें असतात. एकांत दांडा एकदां ओढला कीं एकच क्रिया होते. आर्‌सीबीएस् कंपनीचें ‘रॉक चकर’ हें या जातीचें. दुसऱ्यांत साऱ्या क्रिया निरनिराळ्या पुंगळ्यांवर एकाच वेळीं होऊन दर ओढीस एक काडतूस तयार होतें. डिलन कंपनीचीं यंत्रें यासाठीं प्रसिद्ध आहेत. मोह अर्थातच दुसऱ्याचा पडतो.

कोणी म्हणेल, सावधपणा मनुष्यांत असावा, यंत्रांत नव्हे. हा आक्षेप खोटा नाहीं; जाणते लोक जलद यंत्रें वर्षानुवर्षें निर्वेध चालवितात. पण आपली चूक कोठें होईल हें ठाऊक नसणें, हेंच नवशिक्याचें लक्षण होय. मंद यंत्रावर एकेक क्रिया निराळी होते. दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या भोंकांच्या फळींत उभ्या करून वरून दिवा धरला, कीं कोणतींत ती कमी वा अधिक पडली तें दिसूं शकतें. कोष्टकांत सांगितलेल्या दारूंपैकीं पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापणारी दारू घेतली, तर ती दोनदां पडतांच बाहेर सांडते आणि चूक आपण होऊन बोलते. चूक होऊंच न देणारें साधन जगांत नाहीं. झालेली चूक लपूं न देणारें साधन निवडणें मात्र आपल्या हातीं आहे.

काट्याचेंही तसेंच. दारू ग्रेनमध्यें तोलतात. ग्रेन म्हणजे पौंडाचा ७००० वा भाग, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित् अधिक. आणि त्याचाही दहावा भाग काट्यानें दाखवावा लागतो. येथें अंदाज चालत नाहीं. म्हणून चांगला काटा, तो पडताळण्याचीं प्रमाण वजनें आणि दारू बनविणाऱ्यांनीं छापलेलीं कोष्टकें यांवर आधीं खर्च करावा, व कोष्टकांतील आरंभीच्या अंकापासूनच सुरुवात करावी.

कारखान्यांत माल करणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. घरच्या मेजावर दोन्ही एकच. त्या मेजावर झालेलें काम चांदमारीच्या मैदानावर शेजारीं उभा असलेला मनुष्य पाहत नाहीं. त्याची संमतिही कोणी घेतलेली नसते. आपल्या स्वातंत्र्याचा धोका असा न विचारतां दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल, तर आपल्या घाईस आपणच आवर घालणें हें त्याचें ऋण आहे. सराव झाल्यावर जलद यंत्र खुशाल घ्यावें. तोंवर मंद यंत्र घेणें यांत भित्रेपणा नाहीं, त्या अनोळखी शेजाऱ्याची बूज आहे.