दुपारी जुंपून बघ

माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं, यांत फरक किती? हा प्रश्न मला पुस्तकानं घातला नाही. आमच्या जुन्या पद्मिनीच्या पोटाखाली गोणपाटावर उताणा पडलो होतो, तोंडावर काळं तेल ठिबकत होतं, तेव्हा तो पुन्हा पुढं आला. पुन्हा म्हणतो, कारण पहिल्यांदा तो खरसुंडीच्या बाजारात आला होता आणि तेव्हा मी त्याच्याकडं पाठ फिरवली होती.

आधी गाडीचं सांगतो. 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळ घराणं इटलीच्या फियाटचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. आमचे चुलतेही त्यातलेच. धंदा आवरून गावी आले तेव्हा ही गाडी घेऊन आले आणि पुढं ती माझ्याकडं आली. वाड्यातल्या तीन पोरी या गाडीतून सासरी गेल्या. रात्री-अपरात्री बाळंतिणी नेल्या. बाग होती तोवर मागच्या सीटवर द्राक्षाच्या पेट्याही गेल्या.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, आणि अशा गाड्यांना हौशी गिऱ्हाईक येऊ लागलं. पुण्याचा एक तरुण आमची गाडी बघून गेला. एक लाख चाळीस हजार देतो म्हणाला. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. मला ती रक्कम हवी होती.

पण गाडीचा क्लच सुटत होता. सपाट रस्त्यावर कळायचं नाही. घाटमाथ्याचा चढ लागला, गाडी तापली, आत पाच माणसं असली, की इंजिन ओरडायचं आणि चाकं मात्र आपल्याच गतीनं चालायची. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातला दुवा. प्लेटचं अस्तर झिजलं की पकड जाते. बैल ओढतोय आणि जुवाची सापती ढिली, तसा प्रकार.

मेस्तरीला दाखवली. तो म्हणाला, "आण्णा, उघडू नका. पेडल जरा ॲडजस्ट करून देतो. पाव्हणा धा-वीस किलोमीटर चालवून बघंल, तेवढं निभावतंय. आन् उद्या इचारलंच, तर तुम्हाला खरंच सांगता येतंय की, आम्ही काय उघडून बघितलं न्हाय."

मेस्तरी वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच सांगत होता. पण त्याचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला पांढराशुभ्र खिलार बैल दिसला.

1988 साल. पौषी यात्रेला खरसुंडीला बैल विकायला निघालो होतो. देखणा बैल, शिंगं घडवल्यागत. पण भावानं एकदा सांगितलं होतं की, उन्हात हा औताला बसतोय. वडील म्हणाले, "बाजारात न्यायच्या आधी दुपारी जुंपून बघ." मी जुंपला नाही. सकाळी जुंपला. सकाळी तो झकास चालला. बाजारात दलालानं रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला. घेणाऱ्यानं विचारलं, "खोड काय?" मी म्हणालो, "मला तर काय दिसली न्हाय." शब्दाला शब्द खरं होतं. दिसली नव्हती, कारण मी बघितलीच नव्हती.

पुढच्या वर्षी यात्रेत तो माणूस भेटला. अंगावर तोच शर्ट. भांडला नाही. चहा पाजला आणि म्हणाला, "पाव्हणं, बैल दुपारचा बसतोय. तुम्हाला म्हाईत नसंल, न्हाय का?" त्यानं मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातनं बाहेर पडलो. म्हणालो, "न्हाय बा." त्यानं मान हलवली आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले.

म्हणून मेस्तरीला म्हटलं, राहू दे, घरीच उघडतो. पुतण्या आयटीआय झालेला, त्याला हाताशी घेतला. चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, म्हणून बाभळीचे ठोकळे दिले. बॅटरीची वायर काढली. प्रोपेलर शाफ्ट सोडला, गिअरच्या सळ्या सोडल्या. इंजिनाखाली फळी ठेवून दुसरा जॅक लावला, नाहीतर गिअरबॉक्स सुटल्यावर इंजिन मागं कलतं. बोल्ट काढून गिअरबॉक्स सरळ मागं ओढला. तिरका लोंबू दिला तर शाफ्ट प्लेटमध्ये अडकून नुकसान होतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची, हे पोरानं सांगितलं. मी आयुष्यभर फुंकत आलेलो.

प्लेट हातात आली. रिबिटापर्यंत झिजलेली. पण नुसती झिजलेली नव्हती, तेलानं माखलेली होती. बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर इंजिनच्या मागच्या अंगानं तेल झिरपत होतं. पोरगा म्हणाला, "आबा, हे बंद करायचं तर इंजिन उतरवावं लागंल. न्हायतर नवी प्लेटबी कधीतरी माखणारच."

इंजिन उतरवायचा खर्च माझ्या आवाक्यात नव्हता. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग विट्याहून नवीन आणलं. तिन्ही एकदम, कारण मजुरी तीच असते. फ्लायव्हील लेथवर साफ करून घेतलं. प्लेट मधोमध बसावी म्हणून सुताराकडून शाफ्टच्या मापाची खुंटी करून घेतली. गिअरबॉक्स चढवताना तासभर आत जाईना. शेवटी गिअर टाकून मागचं टोक किंचित फिरवलं, तसे दातात दात बसले आणि तो सरकला. गाडी खाली घेतली, हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन तिथंच बंद पडलं. बंद पडलं याचा आनंद झाला असा तो एकच प्रसंग. पकड बसली होती.

क्लच नवा झाला, पण मी मोकळा झालो नव्हतो. उघडलं नसतं तर तेलाचं कळलंच नसतं. आता कळलं होतं, आणि कळलेलं परत न-कळलेलं करता येत नाही. मेस्तरीचं "उघडू नका" किती शहाणपणाचं होतं, ते तेव्हा समजलं. माणूस दोष लपवतो त्याच्या आधी बऱ्याचदा दोषाकडं बघायचं टाळतो. खोटं बोलायची वेळच येत नाही. जीभ स्वच्छ राहते आणि समोरच्याचं नुकसान तर व्हायचं तेवढं होतंच.

पुण्याच्या पोराला फोन केला. म्हटलं, क्लच नवा घातलाय, पण मागनं तेल झिरपतंय, पुढंमागं इंजिन उतरवावं लागंल. तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "काका, अजून काय काय आहे?" म्हटलं, मला माहीत आहे ते एवढंच. त्याचा विश्वास बसला नाही. एक खोड आपणहून सांगणारा दहा लपवत असणार, असा त्याचा हिशेब. सौदा मोडला. मला रागही आला. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं असं शाळेत शिकवलं होतं, तसं काही घडलं नाही. पण त्याचं तरी काय चुकलं? असे बाजार करून ठेवणाऱ्यांत मीही होतोच की.

चार महिन्यांनी गाडी दुसऱ्यानं नेली, बावीस हजार कमी देऊन. त्यालाही सांगितलं. पोरगा म्हणाला, "आबा, बावीस हजाराला पडलं की हे." पडलं खरं. कर्जाचा एक हप्ता मागं राहिला आणि बायको आठवडाभर धड बोलली नाही. मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. वडिलांनी सांगितलेलं काम पस्तीस वर्षं उशिरा केलं, एवढंच.

आणि तेही अर्धंच केलं. त्या बैलवाल्याचं गाव आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. तिकडची एसटी आमच्या फाट्यावरनंच जाते. तो माणूस आहे का गेला, एवढं विचारायला एक फोन पुरे. अजून मी विचारलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगतो, माहीत नाही बुवा. आणि ते शब्दाला शब्द खरं आहे.