नवख्याच्या हाती काय द्यावे?

कोणी वाट विचारली तर आपण नुसते उजवे-डावे सांगून मोकळे होत नाही. विचारणारा पायी आहे की गाडीवर, बरोबर म्हातारे माणूस आहे का, अंधार पडायच्या आत तो पोहोचेल का, हे नजरेने तरी अजमावतो. पुस्तक किंवा चित्रपट सुचवताना मात्र आपण एवढीही तसदी घेत नाही. आपल्याला जे आवडले तेच समोरच्याच्या हाती ठेवतो आणि ते त्याला आवडले नाही तर त्याच्याच रसिकतेला नावे ठेवतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. आठवी-नववीची मुले हल्ली जपानी ॲनिमे मालिकांविषयी भरभरून बोलतात. ज्याला ठाऊक नाही तो जाणत्याला विचारतो, "मी कुठून सुरुवात करू?" पालकसभेत एखादी अम्मी हळूच विचारते, "टीचर, मुलांनी हे पाहावे का?" मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रे; त्यांतली पुष्कळशी मांगावरूनच बेतलेली. विषय छंदाचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. शिफारस करणारा कशाला बांधील असतो? स्वतःच्या आवडीला, कलाकृतीच्या थोरवीला, की विचारणाऱ्या माणसाला?

आमचे उत्तर आधीच सांगतो. सल्ला ही अमानत आहे. विचारणारा आपले काही तास आणि आपले मन विश्वासाने आपल्या हवाली करतो. म्हणून पहिली बांधिलकी त्याच्याशी. ती पाळायची कशी, हे उदाहरणांनीच पाहू.

चित्रे दिसली की ते मुलांसाठीच असणार, हा आपल्याकडचा जुना समज. जपानमध्ये तसे नाही. तिथे मांगा मासिके वाचकांच्या वयानुसार निघतात. शोनेन मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेइ मोठ्या स्त्रियांसाठी. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला शिन-चान १९९० मध्ये मोठ्यांच्या एका मांगा साप्ताहिकात जन्मला. आपल्याकडे मात्र तो मुलांच्या वाहिनीवरून थेट पाच वर्षांच्या पोरांपर्यंत पोहोचला. मग तो आईशी उर्मट का बोलतो, म्हणून आपण चिडलो. मूळ वाचक मोठी माणसे होती आणि त्या उर्मटपणात त्यांना घराघरातली गंमत दिसत होती. कलाकृती तीच, पण हात बदलला की तिचा अर्थ बदलतो. म्हणून "ही मालिका चांगली आहे" हे वाक्य अर्धेच राहते. कोणासाठी चांगली, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एप्रिल १९८८ मध्ये जिब्ली स्टुडिओचे दोन चित्रपट जपानमध्ये एकाच तिकिटावर, जोडीने प्रदर्शित झाले. हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' आणि इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यात दोन बहिणी खेड्यात राहायला येतात आणि त्यांना जंगलातला एक प्रचंड, मऊ, प्रेमळ प्राणी भेटतो. दुसऱ्यात १९४५ च्या बॉम्बवर्षावात आई गमावलेला चौदा वर्षांचा भाऊ आपल्या चार वर्षांच्या बहिणीला जगवायची धडपड करतो, आणि भूक जिंकते. दोन्ही चित्रपट थोर आहेत. पण "जिब्लीचे काहीही पाहा, सगळेच सुंदर" असे म्हणून एखाद्या नवख्याला मोकळे सोडावे, आणि त्याच्या घरात त्याच महिन्यात मयत झालेली असावी! अशा वेळी आपण खोटे काही बोललेलो नसतो. तरीही आपण सल्ला दिला असे म्हणता येणार नाही. सौंदर्य सांगितले, ओझे सांगितले नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. 'वन पीस' हा मांगा १९९७ मध्ये सुरू झाला आणि त्यावरची मालिका १९९९ मध्ये. तिचे ११०० हून अधिक भाग झाले आहेत. एक भाग २४ मिनिटांचा धरला तर ११०० भागांचे ४४० तास होतात. रोज तासभर पाहिले तरी चौदा महिन्यांहून जास्त. उलट 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ६४ भागांत, म्हणजे सुमारे साडेपंचवीस तासांत पुरी कथा सांगून संपते. शिवाय लांब मालिकांत भरताड असते. दर आठवड्याला भाग दाखवायचा असतो, मांगा तेवढ्या वेगाने पुढे सरकत नाही, म्हणून मूळ कथेत नसलेले भाग घालून वेळ काढला जातो. 'नारुतो'च्या पहिल्या २२० भागांतले शेवटचे बरेचसे भाग असेच आहेत. जाणत्याला हे ठाऊक असते, नवख्याला नसते. दहावीच्या वर्षात असलेल्या मुलाला ४४० तासांची वाट दाखवताना तो हिशेब न सांगणे, हे दुकानदाराने वजन न सांगता माल बांधून देण्यासारखे झाले.

लांबी हा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. लांब कथेचे सुख उर्दूवाल्यांना कोणी शिकवायला नको. 'दास्तान-ए-अमीर हमजा' नवल किशोर प्रेसने ४६ खंडांत छापली होती. पण दास्तानगो समोरच्या मजलिसीचा रंग पाहून कथा लांबवायचा किंवा आवरायचा. ती नजर शिफारस करणाऱ्याकडेही हवी.

आता जरा आपल्या हेतूंकडे पाहू. आपण शिफारस का करतो? कधी खरोखर समोरच्याच्या भल्यासाठी. पण कधी आपल्याला सोबती हवा असतो म्हणून, कधी आपले वेगळेपण मिरवायला. "पहिले वीस भाग कंटाळवाणे आहेत, तेवढे सोस, मग बघ," असे जेव्हा एखादा चाहता सांगतो तेव्हा त्यात थोडी हुकूमत असते. आम्ही सोसले, तूही सोस. नवख्याची परीक्षा घेणे आणि नवख्याचे स्वागत करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सोबती हवा असण्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत समोरच्याने भरावी अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. इतके तोलूनमापून दिले तर माणसाला हादरवणारे काही मिळायचेच नाही. शिक्षक आणि पालक काळजीच्या नावाखाली सगळे बेचव करून टाकतील. या आक्षेपाला जपानमध्येच एक जिवंत पुरावा आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीच्या आडोशाने ते वाचले; वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुढे १९७३ पासून त्यांनी 'बेअरफूट गेन' हा मांगा काढला, आणि तोही मुलांच्या साप्ताहिकात. डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना हे पुस्तक वाचनालयातल्या खुल्या फळीवरून काढून आत ठेवायला सांगितले. त्यातली क्रूर दृश्ये मुलांना सोसणार नाहीत, हे कारण. बरीच टीका झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शांतता-शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून त्यातले उतारे वगळले गेले. त्यातले प्रसंग आजच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागतात, असे तेव्हा सांगण्यात आले.

समजावून सांगणे हेच तर आम्हां शिक्षकांचे काम! सहा वर्षांच्या मुलाने जे प्रत्यक्ष भोगले ते बारा वर्षांच्या मुलाने चित्रातही पाहू नये, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. पण ते त्याच्या दप्तरात टाकून निघून जाणेही पटत नाही. जड पुस्तक द्यावे, आणि दिल्यावर जवळपास असावे. काळजी म्हणजे वगळणे नव्हे, सोबत करणे. ज्याला सोबत करणे शक्य नाही त्याने निदान ते जड आहे एवढे सांगावे.

दुसऱ्या टोकालाही एक चूक आहे. नवख्याच्या सोयीसाठी कलाकृतीच मोडून द्यायची. जपानी पुस्तक उजवीकडून उघडते आणि चित्रांच्या चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. इंग्रजी वाचकांना हे जमणार नाही म्हणून सुरुवातीच्या अनुवादांत पाने आरशात दिसावीत तशी उलटी छापत. १९८८ पासून इंग्रजीत आलेला 'अकिरा' तसाच निघाला. त्यामुळे उजव्या हाताने काम करणारी माणसे डावखुरी झाली. २००२ च्या सुमारास प्रकाशकांनी पाने मूळ दिशेनेच छापायला सुरुवात केली, आणि वाचक हळूहळू सरावले. आमच्या वर्गातल्या मुलांना तेवढाही वेळ लागत नाही. उजवीकडून उघडणारे पुस्तक त्यांच्या हातांना पहिलीपासून ठाऊक आहे. इंग्रजी शाळेतला चुलतभाऊ पुस्तक उलटे धरतो आणि आमचा विद्यार्थी त्याला सरळ धरायला शिकवतो. नवखा कधीच कोरा नसतो. तो काहीतरी घेऊन आलेला असतो. सल्ला देणाऱ्याने ते काय आहे हे आधी शोधावे.

एक शिफारस करून दाखवतो. ज्या खालांचे हात भरतकामात रमतात त्यांना आम्ही काओरू मोरी यांचा 'अ ब्राइड्स स्टोरी' सुचवू. २००८ पासून चालू असलेला हा मांगा एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियात घडतो. कशिदा, गालिचे, रोटी, मेंढरे, नातीगोती यांचे इतके बारीक चित्रण आहे की पानावर बोट फिरवावेसे वाटते. पण त्याच दमात सांगू की नायिका वीस वर्षांची आहे आणि नवरा बारा वर्षांचा. तो त्या काळाचा रिवाज म्हणून येतो, तरी मनाला टोचतो. काही खंडांत स्नानगृहातली उघडी चित्रेही आहेत. म्हणून घरात लहान मुले असतील तर आधी स्वतः चाळावे. हे ऐकून खालांनी "नको बाई" म्हटले तर तेही ठीक. निवड करण्यापुरते खरे त्यांच्या हाती पडले, आमचे काम तिथे पुरे झाले.

कारण शिफारशीचा शेवटचा हक्क विचारणाऱ्याचाच आहे. त्याने तीन भाग पाहून सोडून द्यावे, आपल्याला रडवणाऱ्या प्रसंगावर त्याने जांभई द्यावी, आणि तरीही पुढच्या वेळी त्याला न संकोचता आपल्याकडे येता यावे. "मला नाही आवडले, दुसरे सांगा," असे मूल जेव्हा मोकळेपणी सांगते तेव्हा आम्ही समजतो की अमानतीत खोट आलेली नाही. मग आम्ही त्याला बसवतो आणि विचारतो, "बरे, काय नाही आवडले ते सांग."