कोशातले टिळक

टिळकांनी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला, हे वाक्य पूर्णपणे खरे आहे. तरीही कोशातल्या नोंदीत ते एवढेच छापले, तर वाचकाची फसवणूक होते. हे वाक्य वाचून कोणालाही वाटेल की टिळकांना बालविवाह हवे होते. प्रत्यक्षात 1890 मध्ये त्यांनी सुधारकांपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला होता. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये आणि केलेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन थांबवावे. आणि ज्यांना हे पटते त्यांनी सह्या करून आधी स्वतःला बांधून घ्यावे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या बाजूने, ‘परक्या सरकारने आपल्या समाजाच्या घरात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला’ हेही वाक्य खरे आहे आणि तेही एकटे छापले तर तितकेच फसवे ठरते. कारण टिळकांनी केवळ परकीय सत्तेचा मुद्दा मांडला नव्हता. गर्भाधान संस्काराला, म्हणजे पती-पत्नीच्या पहिल्या समागमाच्या विधीला, शास्त्राचा आधार आहे, कायद्याने त्यात अडथळा येतो, असा धार्मिक युक्तिवादही त्यांनी केला होता. टिळकांच्या टीकाकारांना 1890 चा प्रतिप्रस्ताव अडचणीचा वाटतो आणि भक्तांना हा धार्मिक युक्तिवाद. म्हणून नोंद कोणाच्या हाती पडते त्यावर यातला एक मुद्दा गळतो.

सार्वजनिक माणसाची ‘भूमिका’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. त्याच्या मनात जे होते ते, तो जे बोलला ते, की त्याने जे केले ते? मनातले आपल्याला दिसत नाही. बोलणे प्रसंगाप्रमाणे बदलते. कृतीला अनेक कारणे असतात. मग खात्रीने लिहायचे कशाच्या आधारावर? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. खुद्द टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभी हाच प्रश्न एका ग्रंथापुरता सोडवला आहे. प्रत्येक संप्रदायाच्या टीकाकाराने आपला सिद्धान्त आधी ठरवला आणि गीता त्याच्याकडे ओढून नेली, ही त्यांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची कसोटी पुढे केली: ग्रंथाचा उपक्रम आणि उपसंहार पाहा, वारंवार काय सांगितले ते पाहा, नवे काय सांगितले, त्याचे फळ काय, स्तुतिनिंदेचा भाग कोणता आणि मुद्दा सिद्ध करणारी युक्ती कोणती, ते पाहा, मग अर्थ ठरवा. मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गीतेला जो न्याय टिळकांनी मागितला, तो त्यांच्या स्वतःच्या राजकारणाला मिळायला हवा. माझे म्हणणे एवढेच आहे.

ही कसोटी 1891 च्या वादाला लावून पाहू. उपक्रम पाहायचा तर कलकत्त्यातल्या फुलमणी दासीच्या मृत्यूपासून सुरुवात करावी लागते. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे मेली. तेव्हाच्या दंडविधानात संमतीची मर्यादा दहा वर्षे होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. 9 जानेवारी 1891 ला अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि 19 मार्चला कायदा होऊन मर्यादा बारा झाली. वाद एवढ्या दोन वर्षांच्या फरकाचा होता, विवाहाच्या वयाचा नव्हताच. लग्न किती लहानपणी करावे याला या कायद्याने हातही लावला नाही. ही एक गोष्ट सांगितली तरी नोंदीतला निम्मा गोंधळ मिटतो. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती पाहिली, तर सामाजिक सुधारणा लोकमताने व्हावी, सरकारच्या कायद्याने नव्हे, हा धागा टिळकांच्या लिखाणात वर्षानुवर्षे सापडतो. तो एका आंदोलनापुरता नव्हता. अर्थवाद, म्हणजे त्या दिवसांत टिळकांच्या ‘केसरी’तून सुधारकांवर झालेली जहरी टीका, तिला भूमिका समजू नये, पण ती झालीच नाही असेही भासवू नये, कारण वादाचा सूर तिने ठरवला. आणि फळ? विधेयक पडले असते तर दहा ते बारा या वयातल्या विवाहित मुलींना कायद्याचे संरक्षण मिळाले नसते. टिळकांच्या हेतूविषयी काहीही मत असो, हे फळ नोंदीत आलेच पाहिजे. आगरकर, न्यायमूर्ती रानडे, तेलंग हे सुधारक या कायद्याच्या बाजूने उभे राहिले ते याच फळाकडे बघून.

यावर पहिला आक्षेप जड आहे. कारणे सविस्तर दिली की अन्यायाला प्रतिष्ठा मिळते. ज्या मुली हे भोगत होत्या त्यांना ‘परकीय सत्तेचा हस्तक्षेप’ हा युक्तिवाद ऐकवून काय मिळणार? हे दुःख खरे आहे. पण विरोधकाचे म्हणणे नीट न मांडण्याचे परिणाम आपल्या परंपरेने फार जवळून पाहिले आहेत. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले. आज आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः त्यांच्या खंडनासाठी लिहिलेल्या पानांतून. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाकांपासून केली, स्वतः वेदान्ती असूनही, पण तिथेही चार्वाक खरोखर तसेच म्हणत होते का, हे तपासण्याचे साधन आपल्याकडे उरलेले नाही. शास्त्रार्थाचा आदर्श मात्र असा होता की पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, इतका नीट मांडावा की ज्याचा तो पक्ष आहे त्याने ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे कबूल करावे. त्याशिवाय खंडनाला किंमत नसे. मांडणी म्हणजे मान्यता नव्हे. उलट टिळकांचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने समोर आला, तरच आगरकरांनी त्याला काय उत्तर दिले आणि ते का पटते, हे वाचकाला कळेल. अर्धवट मांडलेल्या टिळकांना हरवण्यात आगरकरांचाही सन्मान नाही.

दुसरा आक्षेप हेतूचा. कारणे ही निमित्ते असतात, खरा हेतू पुण्यातल्या सनातन्यांचा पाठिंबा मिळवण्याचा होता, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. असेलही. पण हेतू हे अनुमान आहे आणि अनुमान ज्याचे त्याच्या नावावर लिहावे. कोशाच्या स्वतःच्या आवाजात ते सत्य म्हणून येऊ नये. हेतू ओळखण्याऐवजी कोशकाराने एक गोष्ट करावी: बोलण्याशेजारी कृती ठेवावी. मार्च 1918 मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. देवाला अस्पृश्यता चालत असेल तर आपण त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचे टिळकांचे तिथले भाषण महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच परिषदेत विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुढे केलेल्या, व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर टिळकांनी सही केली नाही. ज्या माणसाने 1890 मध्ये सुधारकांना ‘आधी सही करा’ म्हटले होते, त्याच्या बाबतीत ही न केलेली सही फार बोलकी आहे. तिच्यावर भाष्य करण्याची गरज नाही. भाषणाचे वाक्य आणि सहीचे वाक्य एकाच परिच्छेदात, एकापाठोपाठ आले की पुरे. आणि त्यापुढे तिसरेही यायला हवे: एप्रिल 1920 च्या काँग्रेस लोकशाही पक्षाच्या जाहीरनाम्यात जात आणि रूढी यांवर आधारलेली सामाजिक बंधने दूर करण्याचे कलम टिळकांनी घातले होते. भूमिका काळाबरोबर सरकते, म्हणून प्रत्येक भूमिकेला साल हवे. साल नसलेले ‘टिळकांचे मत होते की’ हे वाक्य कोशात शिरूच देऊ नये.

यातून असा समज होऊ नये की दोन्ही बाजूंना सारख्या ओळी दिल्या की न्याय झाला. मत आणि वस्तुस्थिती यांत फरक आहे. परक्या सरकारने समाजसुधारणेचे कायदे करावेत की नाही, हा मताचा प्रश्न आहे. तिथे कोशाने निकाल देऊ नये. पण अमुक धर्मग्रंथ अमुक म्हणतो, हा दावा तपासता येतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विवाहवयासंबंधीची धर्मशास्त्रातली वचने तपासून 1891 मध्येच आपले निष्कर्ष छापले. टिळकांनी त्यांना उत्तर दिले. इथे ‘टिळक असे म्हणाले, भांडारकर तसे म्हणाले’ एवढ्यावर हात झटकणे हा कामचुकारपणा आहे. कोणते वचन कुठे आहे, त्याचा अर्थ विद्वानांनी काय लावला, कोणाचा आधार टिकला, हे कोशाने स्वतः सांगितले पाहिजे. राजकारणी चुकीची आकडेवारी देतो तेव्हाही हेच लागू होते.

आणखी एक शंका हल्ली वारंवार ऐकू येते: अशी नोंद लिहिणार कोण? टिळकांच्या जातीचा लिहील तर झाकेल, दुसरा लिहील तर सूड घेईल. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे त्याचे, लक्षण सांगितले आहे: ज्याला विषय साक्षात कळला आहे आणि जसा कळला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांना सारखेच लागू आहे, असे तो पुढे स्पष्ट म्हणतो. म्हणजे विश्वास जन्मावर किंवा गटावर ठरत नाही. तो ठरतो ‘जसे कळले तसे सांगण्या’वर. वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच शास्त्रार्थाच्या शाळेत वाढले होते; कोशाचा निःपक्षपातीपणा ही त्यांना बाहेरून शिकण्याची गोष्ट नव्हती.

हे सारे टिळकांसारख्या शतकापूर्वीच्या माणसाला लावणे तुलनेने सोपे आहे. आजच्या आमदार-खासदारांच्या नोंदी लिहिताना कस लागतो. तिथे ‘कट्टर’, ‘पुरोगामी’, ‘हिंदुत्ववादी’, ‘जातीयवादी’ अशी विशेषणे पहिल्याच ओळीत येतात आणि सभागृहात त्याने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले ते शोधायचे कष्ट कोणी घेत नाही. मराठीतून अशा नोंदी लिहिणाऱ्या सर्वांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, माझी विनंती आहे: विशेषण खोडा आणि त्या जागी तारीख, शब्द आणि मतदान लिहा. ती नोंद त्या नेत्याच्या कार्यकर्त्याला दाखवा, मग त्याच्या कडव्या विरोधकाला दाखवा. दोघांनाही तथ्याची एकही चूक काढता आली नाही, तरच ती छापा.