अक्काचा चुकलेला सूर

गेल्या वैशाखात न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी त्याच्या दिवाणखान्यातला पियानो आपण होऊन वाजू लागला. समोर कोणी बसलेले नव्हते. पट्ट्या मात्र खालीवर होत होत्या. मुंबईत तीस वर्षे पियानो शिकविणारी आणि दोन वर्षांपूर्वी मुलाच्या या घरी निवर्तलेली माझी थोरली बहीण शूमानचे 'ट्रॉयमराय' वाजवीत होती!

चमत्कार तसा साधा. पियानोला संगणक जोडलेला होता. अक्का वाजवी तेव्हा कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच आकड्यांत टिपले जाई. १९८३ साली आलेल्या 'मिडी' या संकेतलिपीत ध्वनी नसतोच. असतात त्या केवळ आज्ञा. जोर १ ते १२७ अशा पायऱ्यांनी मोजतात. त्या आज्ञांबरहुकूम विद्युतचुंबक पट्ट्या हलवितात.

मध्येच एक सूर चुकला. शेजारची पट्टी लागली होती. भाचा म्हणाला, "मामा, क्षणाचं काम आहे. दुरुस्त करू?" पडद्यावर प्रत्येक सुराची आडवी रेघ होती, त्यातली एक घरभर सरकविली, की झाले.

मी घुटमळलो. आईच्या जुन्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ आपण सुधारतो का? पण अक्काचा स्वभावही आठवला. चुकलेली ओळ ती विद्यार्थिनींकडून दहादा वाजवून घेई. ही चूक मागे राहिलेली तिला रुचली असती का? शिवाय अशी सुधारणा नवी थोडीच आहे? वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये वादकाचे वादन कागदी गुंडाळीवर टिपणारे यंत्र आणले; पुढच्याच वर्षी लाइपझिगला माहलरने त्यावर आपल्या रचना वाजविल्या. अशा गुंडाळ्यांवरचे चुकीचे छिद्रही बुजवून नवे पाडता येई.

"कर," मी म्हणालो.

सूर शुद्ध झाला. पण लगेच पुढे वादन क्षणभर उगाच थबकले, आणि त्यानंतरचा सूर दबकत आला. चूक होताच अक्का दचकली होती. चूक गेली, दचकणे तेवढे राहिले. मग तो खंडही काढावा, पुढचा सूर ठळक करावा... असे करता करता अक्का कितीशी उरेल?

जिवंत माणसाने आपली चूक जरूर सुधारावी; रियाज म्हणजे तरी दुसरे काय? अक्काने सुधारली असती ती पुन्हा वाजवून. आम्ही सुधारीत होतो ते तिचे वादन नव्हे, आमची आठवण. गेलेल्या माणसांना निर्दोष करून भिंतीवर टांगण्याची आपल्याला हौस असते. त्यात प्रेम असते, तसा थोडा आळसही असतो. माणूस होता तसा आठवायला कष्ट पडतात.

"होती तशी ठेव रे," मी भाच्याला म्हटले. रेघ पुन्हा जागेवर आली. अक्का चुकली, थबकली, आणि पुढे वाजवू लागली.